गोवराची सुई आणि हद्दीपलीकडची बाळंतपणे : निपाणी भागातील एका आकडेशोधाचा प्रकरण अभ्यास

प्रश्न

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या निपाणी भागातील एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीची खोली आहे, खाट आहे, पाण्याची सोय आहे. परंतु संध्याकाळनंतर तिथे नर्स नसते. रात्रपाळीला नर्स मिळावी म्हणून गावातील महिला मंडळाने अर्ज केला. त्यावर त्यांना तोंडी उत्तर मिळाले, की या केंद्रात बाळंतपणेच होत नाहीत, महिन्याकाठी बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी असतात आणि तेवढ्यासाठी माणूस देता येत नाही. मंडळातील बऱ्याच जणी घरी विडी वळतात. दुपारी विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसलेली एक बाई मला म्हणाली, "सर, महिन्यात बारशाची दोन-चार जेवणं चुकत नाहीत आणि ह्यांच्या वहीत बाळंतपण नाही, असं कसं?"

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. मंडळाची विचारणा अगदी नेमकी होती. आमच्या भागात किती बाळे जन्माला येतात आणि ती कुठे जन्माला येतात, हे सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांतून दाखवता येईल का, एवढेच त्यांना हवे होते. काम चार दिवसांचे आहे असे समजून मी होकार दिला. ते पाच महिने चालले. गावाचे व केंद्राचे नाव मी येथे देत नाही आणि केंद्राचे मूळ आकडेही छापत नाही. लहान गावात दोन-तीन बाळंतपणांचा आकडासुद्धा कोणा एका घराकडे बोट दाखवू शकतो.

बाळंतपणांच्या संख्येला एवढे महत्त्व का आहे, हे आधी सांगितले पाहिजे. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत प्राथमिक आरोग्य केंद्रांचे दोन प्रकार केलेले होते: महिन्याला २० पेक्षा कमी प्रसूती होणारे 'अ' प्रकारचे आणि २० किंवा अधिक होणारे 'ब' प्रकारचे. मनुष्यबळाची अपेक्षा त्या प्रकारानुसार बदलत असे. सपाटीवरील प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा जुना दंडक धरला आणि कर्नाटकाचा २०२० चा जन्मदर, म्हणजे हजारी साडेसोळा, त्याला लावला, तर एका केंद्राच्या हद्दीत वर्षाला ४९५ च्या आसपास, म्हणजे महिन्याला सुमारे ४१ बाळे जन्मली पाहिजेत. त्यांतली निम्मी जरी केंद्रात आली तरी ते 'ब' प्रकारात बसते. नर्स नाही म्हणून बाळंतीण येत नाही आणि बाळंतीण येत नाही म्हणून नर्स नाही, या चक्रात कार्यालय आणि बायका दोघेही खरेच बोलत होते. तंटा मोजण्याच्या जागेचा होता. कार्यालय खोलीत झालेली बाळंतपणे मोजत होते, तर बायका गावातल्या बायकांची बाळंतपणे मोजत होत्या.

पहिला चुकीचा रस्ता

माझी पहिली चूक अशी, की मी सर्वांत गाजलेला आकडा प्रथम उचलला. महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते. सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला ६९ आणि ३३ हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले, की हात शिवशिवतात. मीही अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ते मोठ्या अक्षरांत घातले होते. मंडळाला मदत करणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी तो मसुदा वाचून विचारले, "सर, ह्यात आपलं गाव कुठं आहे?" मला उत्तर देता आले नाही.

त्यात आमचे गाव नव्हते, तालुका नव्हता, जिल्हाही नव्हता. ही पद्धती निवडलेल्या नमुना वस्त्यांतून राज्यापुरता अंदाज काढते आणि मातामृत्यू ही तुलनेने विरळ घटना असल्यामुळे त्यासाठी तीन वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ४७,७९,६६१ आहे आणि निपाणीचा ऊसपट्टा, खानापूरचे जंगल, रामदुर्गाकडचा कोरडा मुलूख यांना एकाच राज्याची सरासरी लावणे म्हणजे तीन ऋतूंचे मिळून एक तापमान सांगण्यासारखे आहे.

तालुक्यासाठी हा आकडा मागणेही फोल आहे. तीन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला साधारण ४,९५० जन्म होतात. त्यांना ६९ चे प्रमाण लावले तर वर्षाला साडेतीनाच्या आत मृत्यू अपेक्षित येतात. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी सात मृत्यू झाले, तरी तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. 'तालुक्यात मातामृत्यू सातपट' अशी बातमी त्यातून सहज तयार होते आणि तिचा अर्थ काहीच नसतो. प्रत्येक मातामृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी अशी शासकीय कार्यपद्धती आहे. तालुका पातळीवर त्या चौकशीतली कारणे प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक बोलतात. परंतु ती कागदपत्रे सार्वजनिक नसतात आणि नसावीत, असेच माझे मत झाले आहे.

जिल्ह्याचा आकडा आणि तालुक्याचा प्रश्न

मग मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळलो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणारे हे सर्वेक्षण १९९२–९३ पासून चालू आहे. जिल्हावार तथ्यपत्रके चौथ्या फेरीपासून, म्हणजे २०१५–१६ पासून मिळू लागली. पाचव्या फेरीत कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये पहिल्या टप्प्यात, म्हणजे कोरोनाच्या साथीपूर्वी पाहिली गेली, त्यामुळे हद्दीच्या दोन्ही बाजूंची तुलना करताना एक मोठी अडचण आपोआप टळते. याआधीचा काळ हवा असेल तर जिल्हास्तरीय कौटुंबिक सर्वेक्षणाच्या २००७–०८ आणि २०१२–१३ या फेऱ्या आहेत. त्याच सुमारास झालेले वार्षिक आरोग्य सर्वेक्षण मात्र कर्नाटकात झालेच नाही. ते उत्तरेकडील व पूर्वेकडील नऊ राज्यांपुरते होते. ही गोष्ट कळेपर्यंत माझे दोन दिवस वाया गेले.

पाचव्या फेरीत कर्नाटकात दवाखान्यात झालेल्या प्रसूतींचे प्रमाण ९७ टक्के आढळले, चौथ्या फेरीत ते ९४ होते. महाराष्ट्रात तेच प्रमाण ९०.३ वरून ९४.७ वर गेले. अर्थात दवाखान्यातील बाळंतपणात कर्नाटक थोडे पुढेच आहे. मातामृत्यूच्या आकड्यांवरून मनाशी बांधलेले चित्र येथे उलटे झाले आणि तेव्हा अर्जाचा पहिला परिच्छेद मी खोडून टाकला. सिझरचे प्रमाण कर्नाटकात २३.६ वरून ३१.५ टक्क्यांवर गेलेले दिसते, महाराष्ट्रात २०.१ वरून २५.४ वर. मंडळातील बायकांना हा आकडा सर्वांत जवळचा वाटला, कारण गावातल्या उसनवारीचे एक मोठे कारण सिझरचे बिल आहे, असे त्यांनी सांगितले.

तरीही आमचा प्रश्न तिथेच राहिला. कर्नाटकाच्या पाचव्या फेरीत २६,५७४ घरे पाहिली गेली. तेव्हाच्या ३० जिल्ह्यांत ती वाटली तर एका जिल्ह्याला नऊशेच्या आत घरे येतात. त्यांतून तालुका वेगळा काढता येत नाही. जिल्हा पत्रकातसुद्धा काही आकडे कंसात असतात, ते २५ ते ४९ नोंदींवर आधारलेले म्हणून सावधपणे वाचायचे. २५ पेक्षा कमी नोंदी असतील तर आकड्याऐवजी फुली छापलेली असते. जिल्हा पत्रकात अर्भकमृत्युदर दिलेलाच नसतो. आमच्यासाठी याहूनही महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. सर्वेक्षण बाईला विचारते की बाळंतपण घरी झाले की सरकारी दवाखान्यात की खाजगी, पण तो दवाखाना बेळगावात होता की कोल्हापुरात, हे त्या पत्रकातून कळत नाही.

नावांचा घोळ सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही, कारण शोधाचा निम्मा वेळ त्यात जातो. जिल्ह्याचे नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून अधिकृतपणे बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या तक्त्यांत तो एका स्पेलिंगखाली आणि नव्यांत दुसऱ्या स्पेलिंगखाली सापडतो. निपाणी हा तालुका जनगणनेच्या वेळी नव्हताच, तो चिकोडीत होता. म्हणून २०११ ची लोकसंख्या घेऊन निपाणी तालुक्याचा दर काढायचा, तर गावांची यादी जुळवून बेरीज आपणच करावी लागते. कागवाडचे अथणीशी तेच, मूडलगीचे गोकाकशी तेच. खात्रीचा उपाय एकच निघाला: नावावर भरवसा न ठेवता जनगणनेचा संकेतांक धरून चालायचे. २०११ च्या यादीत बेळगाव जिल्ह्याचा क्रमांक ५५५ आहे, कोल्हापूरचा ५३० आणि सांगलीचा ५३१.

एक बाळ, चार वह्या

या टप्प्यावर मी आकडे गोळा करणे थांबवले आणि एका कल्पित बाईचे बाळंतपण कागदावर मांडून पाहिले. सासर निपाणीजवळ, माहेर कागल तालुक्यात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि या भागातला बेटीव्यवहार राज्याची हद्द विचारून होत नाही, त्यामुळे अशी बाई कल्पित म्हणण्यापुरतीच. प्रत्येक गल्लीत ती भेटते. दिवस गेल्यावर तिची नोंद सासरच्या आशाताईंनी केली आणि तिला कर्नाटकाचे तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचे आरोग्य कार्ड, मिळाले. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, तिथे दुसरे कार्ड झाले. कळा सुरू झाल्यावर कागलहून कोल्हापूरला नेले आणि तिथल्या दवाखान्यात बाळ झाले.

आरोग्य खात्याच्या मासिक माहिती प्रणालीत, जी २००८ पासून चालू आहे, गरोदर नोंदणी सासरच्या केंद्राच्या महिन्याला लागली, कदाचित माहेरच्याही. प्रसूती मात्र कोल्हापूरच्या दवाखान्याच्या खात्यावर गेली. जन्म-मृत्यू नोंदणीत, १९६९ च्या कायद्यानुसार, जन्म जिथे घडला तिथे तो २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो, म्हणून बाळ कोल्हापूरच्या नोंदवहीत गेले. सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री बाई माहेरी झोपली असेल तर ती कोल्हापूर जिल्ह्यात मोजली जाणार, सासरी झोपली असेल तर बेळगावात. आणि बाईचा नावानिशी मागोवा ठेवणाऱ्या सरकारी माता-बाल पोर्टलवर तिचे बाळंतपण अपुरे राहिले, कारण सासरच्या नर्सबाईंना निकाल कळलाच नाही. एकाच बाळाला चार वह्यांनी चार गावे दिली आणि त्यांपैकी एकही वही चुकीची नव्हती.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण तिथल्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, त्यामुळे अवघड बाळंतपणे बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत येतात. कागवाड-अथणीकडच्या बायका मिरजेला जातात. म्हणून बेळगाव शहराच्या दवाखान्यांची प्रसूतिसंख्या भागिले बेळगावची लोकसंख्या हा हिशेब फुगलेला येतो आणि निपाणी भागाचा आकसलेला. दोन्ही मिळून जिल्ह्याची सरासरी मात्र शहाण्यासारखी दिसते. तिच्यावर विसंबून निर्णय घेणाऱ्याला काही बिघडल्याचा संशयही येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले आणि त्यावर दोन राज्यांत वादही झाला. राजकारण बाजूला ठेवले तरी मोजणीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की या गावांतील उपचारांची आणखी एक वही हद्दीपलीकडे उघडली.

जन्मनोंदणीच्या अर्जाच्या सांख्यिकी भागात आईच्या राहत्या गावाचा रकाना असतो. म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले निपाणी भागातील बाळ त्या कागदावर कुठेतरी लिहिलेले आहे. परंतु ज्या रूपात अहवाल प्रसिद्ध होतात, त्यातून परराज्यातील एका गावापर्यंत पोचता येत नाही.

गोवराची सुई

मार्ग दाखवला तो त्या निवृत्त नर्सबाईंनी. मी त्यांना आरोग्य खात्याच्या मासिक माहिती प्रणालीचे तक्ते दाखवत होतो आणि गरोदर नोंदणीतून प्रसूती वजा करून 'हरवलेली बाळंतपणे' काढत होतो. गर्भपात, दोनदा झालेली नोंदणी, तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलेल्या बायका, खाजगी दवाखाने हे सगळे त्या वजाबाकीत शिरत होते आणि उत्तराला काही अर्थ राहत नव्हता. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाळंतपण कुठं झालं ते सोडा. गोवराची सुई कुठं टोचली ते बघा."

त्यांचा हिशेब असा. जन्मल्यावर लगेच दिली जाणारी बीसीजीची लस, पोलिओचा पहिला थेंब आणि कावीळ ब ची मात्रा बाळाला दवाखान्यातच मिळते, म्हणजे ती जन्मस्थळाच्या खात्यावर जाते. सहाव्या आठवड्याच्या पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीला बाळंतीण बहुधा माहेरीच असते. सव्वा महिना झाला तरी पहिलटकरणीला लगेच कोणी धाडत नाही. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोपर्यंत बाई सासरी आलेली असते, बाळ पाटावर रांगत असते आणि आशाताईंच्या यादीत चढलेले असते. तेव्हा एका वर्षात केंद्राने दिलेल्या गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रा म्हणजे त्या हद्दीत खरोखर नांदणाऱ्या बाळांची जवळपास मोजणीच. त्या संख्येशेजारी नऊ महिने आधीच्या बारा महिन्यांत केंद्रात झालेली बाळंतपणे ठेवायची.

लसीकरणाच्या नोंदीवरून बाळांची संख्या अंदाजण्याची रीत आरोग्य सांख्यिकीत जुनीच आहे. अभ्यासक सहसा पेंटाची पहिली मात्रा आधाराला घेतात, कारण तिच्यात गळती कमी असते. नर्सबाईंनी तिच्याऐवजी गोवर निवडला, तो आपल्याकडच्या माहेरपणाचा काळ ठाऊक असल्यामुळे. पुस्तकातून आलेल्या मला हे सुचले नसते.

या मोजणीत दोष आहेत आणि ते अर्जात आम्ही लिहिले. नऊ महिन्यांच्या आत दगावलेली बाळे तिच्यात येत नाहीत, म्हणून जन्मांची संख्या प्रत्यक्षात थोडी जास्तच असणार. ज्यांची लस चुकली तीही येत नाहीत. उलट, ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आणि विजयपुराकडून आलेल्या टोळ्यांची मुले फडावरच्या सत्रात लस घेतात आणि त्या महिन्यांचा आकडा फुगतो. म्हणून आम्ही हंगामाचे महिने वेगळे काढून दोन्ही हिशेब दिले. मासिक अहवालात शून्य आणि रिकामी जागा यांतील फरकही पाहावा लागला. ज्या महिन्यात अहवालच भरला गेला नाही तो महिना शून्य लसींचा म्हणून बेरजेत घेतला, तर गाव ओस पडल्यासारखे दिसते. आमच्या तक्त्यात असा एक महिना सापडला. तो आम्ही गाळला आणि गाळल्याचे लिहिले.

हंगाम वगळूनही दोन आकड्यांतली दरी एवढी मोठी आली, की केंद्राच्या प्रसूतिखोलीपर्यंत गावातल्या थोड्याच बायका पोचतात, यात शंका उरली नाही. उरलेल्या कुठे गेल्या हे त्या दरीतून कळत नाही. ते घरोघरी विचारूनच कळले असते, आणि मंडळाने दोन वाड्यांपुरते तसे विचारलेही. परंतु ती माहिती आम्ही अर्जाला जोडली नाही. बायकांनी ती एकमेकींना सांगितली होती, कार्यालयाला नव्हे.

याच जिल्ह्यातील एक वेगळी मोजणी

शोध चालू असताना मला एक गोष्ट नव्याने कळली आणि थोडी खंतही वाटली, की बेळगावात राहून ती मला आधी ठाऊक नव्हती. माता-बाल आरोग्यावरील एका आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याची भारतातील दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर येथे आहेत. बेळगावचे काम जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातून चालते. या जाळ्याने ठरावीक ग्रामीण समूहांतील सर्व गरोदर बायकांची नोंदवही चालवली आणि प्रत्येकीचा मागोवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घेतला. तिथे बाई जिथे राहते त्या समूहात मोजली जाते, बाळंतपण कुठेही होवो. आमच्या चार वह्यांत जी गोष्ट नव्हती ती नेमकी हीच. ओळख पुसलेली त्यांची माहिती अमेरिकेतील बालआरोग्य संस्थेच्या माहितीसंग्रहातून संशोधकांना अर्ज करून मिळते.

याच जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांवर झालेल्या चाचणीत, नर्सबाईंनी बाळंतपणानंतर दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला असे दिसले. तो निबंध २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये हे औषध या कारणासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आमच्या नर्सबाईंना त्या गोळीची माहिती होती, त्या चाचणीची नव्हती. मी सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मग रक्तस्रावाचं मोजलं कसं त्यांनी?" अंगाखाली ठेवलेल्या मोजपट्टीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रक्त जमा करून, हे उत्तर ऐकल्यावर त्या समाधानाने हसल्या. अंदाजाने सांगितलेल्या रक्तावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

आमच्या अर्जात या संशोधनाचा उपयोग तसा झाला नाही. एका केंद्राच्या नर्ससाठी परदेशी संग्रहाकडे अर्ज करणे शहाणपणाचे नव्हते. राहत्या ठिकाणानुसार मोजणी करणे याच जिल्ह्यात जमलेले आहे, असे एक वाक्य मात्र आम्ही घातले.

अर्ज आणि तक्ता

प्रणालीचे सार्वजनिक तक्ते तालुक्यापर्यंतच उतरतात. केंद्राचा मासिक अहवाल माहिती अधिकारातून मागावा लागला. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत व एकाच विषयावर. मंडळाचा पहिला अर्ज चार विषयांचा होता, तो परत आला. दुसऱ्यांदा आम्ही स्पष्टीकरण मागण्याचा मोह टाळला आणि अस्तित्वात असलेल्या कागदाची प्रत तेवढी मागितली: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे मासिक अहवाल, प्रसूती आणि लसीकरण हे दोन भाग. नावांची नोंदवही मागायची नाही, यावर नर्सबाई ठाम होत्या. अर्ज कन्नडमध्ये लिहिला. मंडळातील दहावी शिकलेल्या एका मुलीने तो लिहिला आणि माझ्या कन्नडमधील तीन चुका काढल्या.

शेवटचे निवेदन दीड पानांचे झाले. त्यात एक तक्ता आहे, चार ओळींचा. राज्यांची तुलना नाही, मातामृत्यूचा आकडा नाही. मागणीही बदलली. रात्रपाळीच्या नर्सबरोबरच, केंद्राच्या हद्दीतील प्रत्येक बाळाच्या नोंदीपुढे बाळंतपण कुठे झाले याचा जिल्हा आणि राज्यासह रकाना ठेवावा व त्याची बेरीज दर महिन्याला फलकावर लावावी, असे दुसरे कलम घातले. ही दुसरी मागणी मंडळातील काही जणींना फालतू वाटली. नर्स मागायला गेलो आणि रकाना मागून आलो, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचा राग मला समजतो.

निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तक्ता दोनदा वाचला. गोवराच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ऊसतोडीच्या मुलांबद्दलच विचारले आणि हंगाम वगळलेली ओळ दाखवल्यावर प्रत ठेवून घेतली. नर्सबद्दल लेखी उत्तर अजून आलेले नाही. केंद्रातील सध्याच्या नर्सबाईंनी मात्र लसीकरणाच्या वहीच्या समासात पेन्सिलने एक-एक अक्षर लिहायला सुरुवात केली आहे: कोल्हापूरला 'को', कागलला 'का', गडहिंग्लजला 'ग', निपाणीला 'नि'. स्वतःच्या केंद्रासाठी त्यांनी अजून अक्षर ठरवलेले नाही.